प्रौढांच्या वर्गात उमेदवार-जुळणी चाचणी कशी घ्यावी

आमचा प्रौढ साक्षरतेचा वर्ग गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात भरतो, संध्याकाळी पाच ते साडेसहा. चौदा जणी आणि दोघे आजोबा. बहुतेकींना आता सही करता येते, बसची पाटी वाचता येते, काहीजणी पेपरातले मथळे वाचून दाखवतात. मतदान मात्र त्या माझ्या जन्माच्या आधीपासून करत आल्या आहेत. मतदान चुकवणं म्हणजे शेजारच्या लग्नाला न जाण्यासारखं, असं त्या मानतात. पण "तुम्ही अमक्यालाच मत का दिलं?" असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. घरात ठरलं. वाड्यावर ठरलं. त्याने भाच्याला नोकरी लावली.

रस्ता, पाणी, खाण, जमीन या प्रश्नांवर "तुझं काय म्हणणं आहे?" असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हे विचारायला मला उमेदवार-जुळणी चाचणी फार उपयोगी पडली. २०२२च्या विधानसभेच्या वेळी मी ती पहिल्यांदा घेतली आणि बऱ्याच गोष्टी चुकवल्या. नंतर पद्धत बदलत गेली. तुम्ही प्रौढ शिक्षणाचा वर्ग, बचत गट किंवा वाचनालयाचं मंडळ चालवत असाल, तर माझ्यासारखं चाचपडावं लागू नये म्हणून सगळं क्रमाने लिहीत आहे. सध्याच्या विधानसभेची मुदत मार्च २०२७मध्ये संपते, तेव्हा तयारीला लागायची वेळ आलीच आहे.

आधी, ही चाचणी म्हणजे काय

समोर एकेक विधान येतं. तुम्ही सांगायचं: पटतं, पटत नाही, मधलं मत, किंवा हे सोडा. जे प्रश्न तुम्हाला जास्त जिव्हाळ्याचे, त्यांना जास्त वजन द्यायचं. शेवटी तुमची उत्तरं पक्षांच्या किंवा उमेदवारांच्या उत्तरांशी ताडून टक्केवारी मिळते.

ही कल्पना शिकवणाऱ्यांच्याच गरजेतून आली. नेदरलँड्समध्ये 'स्टेमवायझर' १९८९मध्ये निघालं ते शाळांसाठी, कागदी पुस्तिका आणि फ्लॉपीच्या रूपात. इंटरनेटवर ते १९९८मध्ये गेलं. त्याच्यावरून जर्मनीत २००२मध्ये 'वाल-ओ-मॅट' आलं. ते तिथली नागरिक-शिक्षणाची सरकारी संस्था चालवते आणि त्यात ३८ विधानं असतात. स्वित्झर्लंडच्या 'स्मार्टव्होट'मध्ये २००३पासून उमेदवार स्वतः प्रश्नावली भरतात. कॅनडात 'व्होट कंपास' २०११च्या निवडणुकीत आलं.

आपल्या मतदारसंघापुरती मराठीतली तयार चाचणी मला मिळाली नाही. म्हणून मी दोन भाग केले: ऑनलाइन चाचणी दाखवण्यापुरती आणि आपली स्वतःची चाचणी कागदावर. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी असंच करावं असं माझं मत आहे.

काय काय लागेल

- एक स्मार्टफोन किंवा लॅपटॉप. प्रोजेक्टर असला तर बरं, नसला तरी अडत नाही.
- जाड कागदाची कार्डं, एका कार्डावर एकच विधान, मोठ्या अक्षरात.
- प्रत्येकीसाठी एक उत्तरपत्रिका. नाव लिहायची जागा ठेवू नका.
- उमेदवार जितके तितक्या वाट्या, आणि किलोभर चिंचोके. कशासाठी, ते पुढे येईल.
- उमेदवारांच्या भूमिकांचा तक्ता. खरी मेहनत यालाच लागते.
- प्रत्येकीचं मतदार ओळखपत्र. फक्त पहिल्या दिवशी.

पायरी १: नाव यादीत आहे का, ते आधी बघा

चाचणी छान झाली आणि मतदानाच्या दिवशी नावच नाही, असं झालं तर माणूस परत वर्गाकडे फिरकत नाही. नोव्हेंबर २०२५पासून गोव्यात मतदारयादीचं विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे लोक ज्याला एसआयआर म्हणतात ते, हाती घेतलं गेलं. त्यामुळे "मागच्या वेळी नाव होतं" एवढ्यावर विसंबू नका. निवडणूक आयोगाच्या ॲपवर ओळखपत्राचा नंबर घालून नाव शोधता येतं, किंवा १९५० या नंबरवर विचारता येतं. नाव नसेल तर नमुना ६, पत्ता किंवा नावातली चूक असेल तर नमुना ८. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात आलेल्या सुनांची नावं पुष्कळदा माहेरच्या यादीत राहिलेली असतात. त्यांना आवर्जून विचारा.

हा अर्धा तास वाचनाचा पाठही होतो. यादीत स्वतःचं नाव बोट ठेवून शोधणं यासारखा दुसरा पाठ नाही.

पायरी २: दिवसांचा हिशेब मांडा

पहिल्या वेळी मी इथेच फसलो. २०२२मध्ये अर्ज मागे घेण्याची शेवटची तारीख ३१ जानेवारी होती आणि मतदान १४ फेब्रुवारीला. रिंगणात नेमकं कोण, हे ३१ला संध्याकाळी कळलं. दुसऱ्या टोकाला, मतदान संपायच्या आधीचे ४८ तास प्रचार बंद असतो. म्हणजे १२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी आवरायला हवं. मधे उरले जेमतेम बारा दिवस. तेवढ्यात भूमिका शोधा, तक्ता करा, वर्ग घ्या. जमलं नाही, घाईत अर्धवट तक्ता केला आणि त्यात चुका राहिल्या.

आता विधानं चार महिने आधी तयार करतो. सरावही आधीच होतो. शेवटच्या बारा दिवसांत फक्त उमेदवारांचे रकाने भरायचे राहतात.

पायरी ३: ऑनलाइन चाचणी एकदा दाखवा, तीही परदेशातली

हे ऐकून काहीजण म्हणतील, आपल्याला जर्मनीचं काय करायचंय? तेच तर कारण आहे. तिथल्या पक्षांशी इथल्या कुणाचं काही देणंघेणं नसतं, त्यामुळे वर्गात कुणी कुणावर रुसत नाही. चाचणी कशी चालते हे शांतपणे कळतं. 'वाल-ओ-मॅट'च्या जुन्या निवडणुकांच्या आवृत्त्या अजून उघडता येतात. २०२१च्या आवृत्तीतलं एक विधान असं होतं: सगळ्या महामार्गांवर वेगमर्यादा असावी. हे मी वर्गात वाचलं आणि वीस मिनिटं चर्चा थांबेना. आमच्या वाटेवर अपघात बघितलेला नाही असं कोणी नव्हतं. एकजण म्हणाली, "मर्यादेची पाटी लावून काय होतंय, कोण बघतो?" दुसरी म्हणाली, "पाटी नसेल तर पोलिसाने बोलायचं तरी कशावर?" ही झाली पहिली राजकीय चर्चा, आणि ती भांडणाशिवाय झाली.

एक सावधगिरी घ्या. ब्राउझरच्या आपोआप भाषांतरावर वर्ग सोडू नका. त्यात 'नाही' गळून पडतो आणि विधान उलटं होतं. पाच विधानं निवडा, कुणा जाणकाराकडून अर्थ खात्रीने समजून घ्या, मराठीत स्वतः लिहा आणि बटणं तुम्ही दाबा.

आणि व्हॉट्सॲपवर "तुमचा उमेदवार कोण, दोन मिनिटांत ओळखा" अशी जी लिंक फिरते, ती वर्गात उघडू नका. मोबाइल नंबर, ओळखपत्राचा नंबर किंवा आधार मागणारी चाचणी ही चाचणी नव्हेच. तुमचं राजकीय मत आणि तुमचा नंबर एकाच जागी गोळा झाला की तो पुढे कुणाकडे जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. चांगली चाचणी निनावी असते आणि ती कोणी तयार केली, पैसे कोणाचे, हे पहिल्याच पानावर सांगते. हे तीन प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवले आहेत: कोणी केली? का केली? माझ्याकडून काय मागते?

पायरी ४: आपली विधानं लिहा

इथे वेळ घाला. बाकी सगळं यावर उभं आहे.

बारा विधानं पुरेत. तीसच्या वर गेलात तर नवसाक्षर माणूस दहाव्यालाच थकतो आणि पुढे सगळीकडे 'पटतं'वर खूण करत जातो. प्रत्येक विधान दहा शब्दांच्या आत, एका दमात वाचता येईल असं. आमच्या वर्गात बोलणं कोकणीत आणि लिहिणं मराठीत चालतं, म्हणून कार्ड मराठीत असलं तरी मी ते दोन्ही भाषांत वाचतो. कागदावर 'पटतं, पटत नाही' आणि तोंडी 'पटता, पटना'. यात कमीपणा काही नाही. समजल्याशिवाय दिलेलं उत्तर कशाचंच नसतं.

विषय वर्गाकडूनच घ्या. आम्ही "घरातून बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत काय काय अडतं?" एवढंच विचारलं. फळा भरला. त्यातून विधानं निघाली, उदाहरणार्थ (कोमुनिदाद म्हणजे गावकीची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था):

- कोमुनिदादच्या जमिनीवरची जुनी घरं नियमित करावीत.
- मांडवीतले कॅसिनो नदीबाहेर हलवावेत.
- टॅक्सी सेवा ॲपवरूनच चालावी.
- म्हादई अभयारण्याचा व्याघ्र प्रकल्प करावा.
- शेतजमिनीचं रूपांतर करायला ग्रामसभेची संमती लागावी.

आता यातले सापळे.

पहिला, सगळेच 'हो' म्हणतील असं विधान. "म्हादईचं पाणी कर्नाटकाने वळवू नये" हे माझं पहिल्या वर्षीचं पहिलं विधान होतं. गोव्यात याला 'नाही' म्हणणारा उमेदवार मिळणं कठीण. सगळ्यांना सारखे गुण, म्हणजे विधान फुकट. प्रश्न मोठा आहे म्हणून विधान चांगलं होत नाही, उमेदवारांत फरक दाखवतं म्हणून होतं. त्याच खोऱ्यातला व्याघ्र प्रकल्पाचा प्रश्न घेतला तेव्हा मतं फुटली. २०२३मध्ये उच्च न्यायालयाने तो अधिसूचित करायला सांगितलं, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि गावातही दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत.

दुसरा सापळा, एका वाक्यात दोन गोष्टी. हे मला एका वहिनीने शिकवलं. विधान होतं: "बंद पडलेल्या खाणी पूर्वीसारख्या सुरू व्हाव्यात." फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, तेव्हापासून तिच्या घरचा ट्रक उभा होता. तिने पेन्सिलीने 'पटतं'च्या चौकोनात खूण केली. मी पुढे गेलो. परत आलो तर ती अजून त्याच ओळीवर होती. खुणेच्या बाजूला, समासात, वाकड्या पण स्पष्ट अक्षरांत लिहिलं होतं: "पण रात्री ट्रक नको. धुळ." 'धूळ' ऱ्हस्व होती आणि मी ती दुरुस्त केली नाही. आठ महिन्यांत तिने न सांगता लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं. 'सुरू व्हाव्यात' ही एक गोष्ट आणि 'पूर्वीसारख्या' ही दुसरी, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं. तेव्हापासून ते एक कार्ड जाऊन दोन झाली.

तिसरा, ओढ लावणारे शब्द. 'लाडके', 'लुटारू', 'भूमिपुत्रांवर अन्याय' असे शब्द आले की उत्तर आधीच ठरतं. प्रत्येक कार्ड दोन विरुद्ध मतांच्या माणसांना वाचायला द्या. दोघांनाही ते सरळ वाटलं तरच ठेवा.

चौथा, दुहेरी नकार. "बंदी नसू नये" याचा अर्थ मलाच लावता येत नाही.

पाचवा तुमच्या ध्यानीमनी नसेल: निवडणूक चिन्हं. 'पटत असेल तर हात वर करा' म्हणालात की हात झाला. उत्तराला फुलाचं चित्र लावलंत की फूल झालं. गोव्यात हे जास्तच जपावं लागतं, कारण इथे एकदा चिन्हांवरच राज्याचं भवितव्य ठरलं आहे. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहण्याला दोन पानं अशी चिन्हं होती. वर्गातल्या मोठ्या आजोबांना ती अजून आठवतात. आम्ही गोल, चौकोन, त्रिकोण वापरतो, तेही काळ्या शाईत. भगवा, हिरवा असे रंगसुद्धा टाळतो.

पायरी ५: उमेदवारांच्या भूमिका शोधा

परदेशातल्या बहुतेक चाचण्या पक्षांशी जुळवतात. गोव्यात माझ्या मते ते पुरत नाही. जुलै २०१९मध्ये काँग्रेसचे दहा आमदार आणि सप्टेंबर २०२२मध्ये आठ आमदार भाजपात गेले. पक्षाची भूमिका आणि आपल्या आमदाराची भूमिका यांत अंतर पडू शकतं, हे मतदार बघत आला आहे. शिवाय मतदारसंघ लहान. २०२२मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि जागा ४०, म्हणजे सरासरी तीस हजारांच्याही आत. उमेदवार सगळ्यांच्या ओळखीचा असतो. म्हणून स्विस पद्धत घ्या: माणसाशी जुळवा. पंचायत निवडणुकीत तर पक्षचिन्हंच नसतात, तिथे दुसरा मार्गही नाही.

भूमिका शोधण्याचा आमचा क्रम असा:

उमेदवाराला स्वतःला विचारा. बारा विधानांचा एकच कागद, सगळ्यांना एकाच दिवशी, तेच शब्द, तीच मुदत. कुणाला आधी, कुणाला नंतर असं करू नका. उत्तर येईलच असं नाही.

आमदार राहिलेल्यांसाठी गोवा विधानसभेच्या संकेतस्थळावरची प्रश्नोत्तरं बघा. बाकीच्यांसाठी जाहीरनामा आणि 'गोमन्तक', 'तरुण भारत', 'नवप्रभा' अशा दैनिकांत छापून आलेलं त्यांचं स्वतःचं बोलणं. कार्यकर्ता काय म्हणतो ते धरायचं नाही.

प्रत्येक रकान्यात तारीख आणि कुठून घेतलं ते लिहा. काहीच सापडलं नाही तर 'माहीत नाही' लिहा. अंदाजाने भरू नका, मोह कितीही होवो. पहिल्या वेळी मी एकाच्या रकान्यात "तो असंच म्हणेल" म्हणून भरलं आणि चार दिवसांनी तो सभेत नेमकं उलटं बोलला. वर्गातल्या मावशीने ते ऐकलं होतं. तिचा प्रश्न साधा होता: "मग बाकीचं तरी खरं का?"

आणि कुणालाही वगळू नका. २०२२मध्ये ४० जागांसाठी ३०१ उमेदवार होते, म्हणजे सरासरी सात-आठ. "अपक्षाला कोण विचारतो" म्हणून चारच घेतलेत तर तुम्ही आधीच निवड करून दिलीत. जर्मनीतही यावरून वाद झाला. एका वेळी आठच पक्षांशी तुलना होत होती, त्यावर 'व्होल्ट' नावाचा छोटा पक्ष न्यायालयात गेला आणि मे २०१९मध्ये कोलोनच्या न्यायालयाने 'वाल-ओ-मॅट'ला त्या स्वरूपात मनाई केली. नंतर तडजोड होऊन ते पुन्हा सुरू झालं.

पायरी ६: जागा निवडा

आमचा वर्ग आधी देवळाच्या सभामंडपात भरायचा. चाचणीच्या आठवड्यात तो शाळेच्या खोलीत हलवला. १९८८च्या कायद्याने धार्मिक स्थळाच्या आवारात राजकीय कार्यक्रमाला मनाई आहे. आपण प्रचार करत नसलो तरी उमेदवारांची नावं फळ्यावर आली की कोणीही बोट दाखवू शकतो, आणि त्रास देवस्थानच्या समितीला होतो. पंचाच्या घराची ओसरीसुद्धा नको, ती कितीही ऐसपैस असली तरी. सरकारी शाळेची खोली वापरणार असाल तर मुख्याध्यापकांना लेखी विचारून घ्या. तुम्ही स्वतः सरकारी नोकरीत असाल तर आचारसंहितेच्या काळात वरिष्ठांना आधी कळवा.

पायरी ७: उत्तरं एकांतात

२०२२मध्ये मी सगळ्यांना एका पडद्यासमोर बसवलं आणि एकेक विधान विचारलं. एक सासूबाई पुढे, त्यांची सून मागे. सासूबाई बोलल्या की सून तेच बोले. घरी काय घडत असेल ते माझ्या वर्गात घडलं आणि ते मीच घडवलं.

आता बाकं भिंतीकडे तोंड करून लावतो. कार्ड वाचून दाखवायचं, एक मिनिट थांबायचं, प्रत्येकीने आपल्या कागदावर खूण करायची, कागद उलटा ठेवायचा. चर्चा नंतर, आणि चर्चेत "मी काय उत्तर दिलं" हे सांगायची सक्ती नाही. वाचायला अडणाऱ्यांजवळ तुम्ही बसणार, तेव्हा त्यांच्या कागदाकडे न बघता कार्डाकडे बघा. ही सवय लावून घ्यावी लागते.

'सोडा' हे उत्तर चांगलं आहे, हे दोनदा सांगा. मोठ्या माणसांना "माहीत नाही" म्हणायची लाज वाटते.

पायरी ८: चिंचोक्यांनी मोजा

पहिल्या वेळी मी फोनवर टक्केवारी काढून दाखवली. एक मावशी डोळे मोठे करून म्हणाली, "म्हळ्यार मोबायलान कौल दिलो?" तिने हात जोडलेले नव्हते, पण जोडायचेच बाकी होते. आपल्याकडे देवाला पाकळ्या लावून कौल घेतात, उजवी पडली की होकार. यंत्रातून आकडा बाहेर पडला की तोही तसाच वाटतो, विचारायची सोय नसलेला. मला नेमकं उलटं हवं होतं. आकडा कुठून आला ते तिच्या बोटांना कळायला हवं होतं.

म्हणून चिंचोके. 'वाल-ओ-मॅट'चं गणित सोपं आहे आणि ते वाटीत मावतं. कोणाला काय निघालं हे दुसऱ्याला दिसू नये म्हणून वाट्यांवर नाव लिहू नका, फक्त अंक घाला. अंक कुणाचे ते प्रत्येकीच्या कागदामागे असतं, आणि दर पाळीला अंक बदलायचे.

माझं आणि उमेदवाराचं उत्तर तेच: दोन चिंचोके. एकजण मधला, दुसरा एका टोकाला: एक. अगदी विरुद्ध: शून्य. ज्या विधानाला मी 'जिव्हाळ्याचं' म्हणून खूण केली, तिथे दुप्पट. जे मी सोडलं ते मोजायचंच नाही. उमेदवाराची भूमिका 'माहीत नाही' असेल तर तेही विधान त्याच्यापुरतं मोजायचं नाही, आणि त्याची एकूण बेरीज तेवढी कमी धरायची.

एक उदाहरण मांडून दाखवतो. बारांपैकी दोन विधानं सोडली, दहा उरली. त्यांतली तीन जिव्हाळ्याची. म्हणजे जास्तीत जास्त सात गुणिले दोन अधिक तीन गुणिले चार, एकूण २६ चिंचोके. पहिल्या वाटीत १७ पडले, दुसरीत १५. टक्क्यांत ६५ आणि ५८. आता जिव्हाळ्याचं वजन काढा आणि पुन्हा मोजा, कमाल २०. पहिल्या वाटीत ११, दुसरीत १३. ५५ आणि ६५. क्रम उलटला. उत्तरं तीच, उमेदवार तेच, फक्त "मला कशाचं जास्त पडलंय" एवढंच बदललं.

हे उदाहरण मी दर वेळी मुद्दाम करतो, कारण ते झाल्यावर वर्गात कोणी "मला हा निघाला" म्हणत नाही. "मी पाण्याला वजन दिलं म्हणून हा वर आला" म्हणते. दोन-तीन चिंचोक्यांच्या फरकाला फरक समजू नये, हेही हाताने मोजलं की सांगावं लागत नाही.

गणित पक्कं झाल्यावर हवं तर गूगल शीटमध्ये हेच सूत्र घालून फोनवर करा. गूगल फॉर्म वापरणार असाल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना, ते दोनदा तपासा.

'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटाची वाटी कुठे, असं कोणीतरी विचारेलच. नोटाला भूमिका नसते, म्हणून वाटी नसते. पण २०१३पासून तो पर्याय यंत्रावर आहे, आणि सगळ्याच वाट्या रिकाम्या दिसल्या तर त्याची आठवण करून देणं हे तुमचं काम आहे.

पायरी ९: दुसरा कागद, शपथपत्राचा

चाचणी फक्त एवढं सांगते की तुमचं म्हणणं आणि त्याचं म्हणणं किती जुळतं. तो माणूस बोलल्याप्रमाणे वागतो का, त्याच्यावर खटले आहेत का, हे ती सांगत नाही. हे वर्गात स्पष्ट बोला. नमुना २६मधल्या शपथपत्रात प्रत्येक उमेदवाराला प्रलंबित गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाहीर करावं लागतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते बघता येतं. आम्ही त्यातल्या चार ओळी एका कागदावर उतरवून घेतो, तेही वर्गातल्यांकडूनच. लाखातले आकडे वाचणं, कोटीतले शून्य मोजणं, हा अंकगणिताचा सगळ्यांत आवडता तास ठरला. जुळणीचा कागद आणि शपथपत्राचा कागद शेजारी ठेवून बघायचं. निवड तिची.

पायरी १०: काय करायचं नाही

वर्गाचा एकत्रित निकाल काढू नका. "आमच्या वर्गात अमका पुढे" ही ओळ व्हॉट्सॲपवर गेली की तो जनमत अंदाज झाला. मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत असे निकाल दाखवायला कायद्याने बंदी आहे, आणि त्याआधीही ते वर्गातल्यांच्या घरापर्यंत पोचणं बरं नव्हे.

उमेदवाराला किंवा त्याच्या माणसाला चाचणीच्या दिवशी वर्गात येऊ देऊ नका, चहा घेऊन आला तरी.

"सर, तुम्हाला कोण निघाला?" हा प्रश्न येणार. मी सांगत नाही. सांगितलं तर बारा विधानांची मेहनत त्या एका नावापुढे टिकत नाही.

उत्तरपत्रिका गोळा करू नका. प्रत्येकीने आपली घरी न्यावी किंवा चुलीत घालावी. कोरी विधानं आणि उमेदवारांचा तक्ता मात्र जपून ठेवा. निवडणूक झाल्यावर जो आमदार झाला त्याचा रकाना कापून आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावला, तारखांसकट. पहिलं अधिवेशन झाल्यावर पेपर वाचताना त्या वहिनीने खाणीचं विधान आणि बातमी शेजारी ठेवून बघितली, आणि पोस्टकार्ड मागितलं. पत्ता तिने स्वतः लिहिला: आमदार, विधानसभा संकुल, पर्वरी. मजकूर दोन ओळींचा होता. रात्रीच्या ट्रकांबद्दल तुमचं काय ते कळवा. या वेळी 'धूळ' बरोबर लिहिली होती.